एमएसच्या अटॅकवर स्टेरॉइडची सलाईन की एसीटीएचचे इंजेक्शन?

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार. त्याचा अटॅक, म्हणजे लक्षणांचा नवा उद्रेक, आल्यावर दिल्या जाणाऱ्या दोन औषधांचे हे परीक्षण आहे. पहिले औषध म्हणजे शिरेतून दिले जाणारे मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, जे आपल्याकडे एमएसच्या बहुतेक रुग्णांना कधी ना कधी घ्यावे लागते. दुसरे म्हणजे एसीटीएच हे संप्रेरक, जे अमेरिकेत ‘ॲक्थार जेल’ या नावाने मिळते आणि ज्याची चौकशी परदेशात नातेवाईक असलेली कुटुंबे हमखास करतात, कारण ‘हे हार्मोन आहे, स्टेरॉइड नाही’ असे कोणी सांगितले की घरातल्यांची निम्मी भीती तिथेच ओसरते. पहिल्या औषधाचा अनुभव मी पुण्यात अनेक वर्षे घेत आले आहे. दुसरे माझ्या न्यू जर्सीत राहणाऱ्या मावसबहिणीने घेतले. आम्हा दोघींना हाच आजार आहे. माझे मत आधीच सांगते. अटॅकमधून लवकर सावरण्यापुरते पाहिले तर एका औषधाने दुसऱ्यावर ठोस मात केल्याचे दिसत नाही, म्हणून त्यांतले जे स्वस्त आहे, लगेच मिळते आणि तीन ते पाच दिवसांत संपते, तेच घ्यावे. स्टेरॉइड देण्याची पद्धत मात्र प्रत्येक रुग्णालयात वेगळी असते, आणि रुग्णाला होणाऱ्या त्रासाचा मोठा भाग या पद्धतीवर अवलंबून असतो, म्हणून या लेखात त्याबद्दल मी अधिक लिहिणार आहे.

दोन्ही औषधांचा शरीरातला मार्ग आधी पाहू. एसीटीएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीत तयार होणारे, ३९ अमिनो आम्लांच्या साखळीचे संप्रेरक आहे. ते रक्तातून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचते आणि त्यांना कॉर्टिसोल तयार करायला लावते. कॉर्टिसोल म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड. थोडक्यात, एसीटीएच स्वयंपाकघरात निरोप धाडते आणि मिथाइलप्रेडनिसोलोन वाढलेले ताटच समोर आणून ठेवते. त्यामुळे एसीटीएच घेतल्याने स्टेरॉइड टळते, ही समजूत मुळातच चुकीची आहे. स्टेरॉइड शरीरात येतेच, फक्त ते आपल्याच ग्रंथींतून येते. आणि किती येईल हे त्या व्यक्तीच्या ग्रंथींवर अवलंबून असल्यामुळे त्याचे प्रमाण नेमके सांगता येत नाही.

मात्रेचा हिशेबही लक्षात घेण्यासारखा आहे. ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोनची ताकद साधारण २० मिलिग्रॅम कॉर्टिसोलइतकी धरतात. म्हणजे रोजची १ ग्रॅमची सलाईन ही ५ ग्रॅम कॉर्टिसोलच्या तोडीची झाली. आपल्या अधिवृक्क ग्रंथी कितीही रेटल्या तरी इतक्या प्रमाणाच्या जवळपासही पोहोचू शकत नाहीत. असे असूनही चाचण्यांमध्ये एसीटीएच फारसे मागे पडले नाही, आणि याच गोष्टीवर त्याचे समर्थक बोट ठेवतात. त्यांचे म्हणणे असे की एसीटीएच मेलॅनोकॉर्टिन नावाच्या पाच प्रकारच्या ग्राहकांवर, म्हणजे संप्रेरकाचा निरोप पकडणाऱ्या पेशींवरच्या रिसेप्टरांवर, काम करते. त्यांतला एकच अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसोलसाठी आहे आणि उरलेले त्वचा, मेंदू, रोगप्रतिकारक पेशी अशा ठिकाणी आहेत, त्यामुळे या संप्रेरकाचा स्टेरॉइडखेरीज स्वतःचा असा दाहशामक परिणाम असला पाहिजे. प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांचा याला आधार आहे. पण या वेगळ्या मार्गामुळे एमएसचा रुग्ण अटॅकमधून अधिक चांगला बाहेर येतो, असे माणसांवरच्या चाचणीत सिद्ध झालेले नाही, आणि रुग्ण म्हणून मला मतलब आहे तो तेवढ्याशीच.

या दोन्ही औषधांचा इतिहास एकाच काळातला आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला प्रथम कॉर्टिसोन दिले आणि १९५० मध्ये त्यांना केंडल व राइशस्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. ॲक्थारला अमेरिकेत १९५२ मध्ये मान्यता मिळाली. त्या काळात औषधाला मान्यता मिळवण्यासाठी आजच्यासारख्या कसून चाचण्या लागत नव्हत्या, ही गोष्ट ॲक्थारच्या वेष्टनावरची आजारांची लांबलचक यादी वाचताना लक्षात ठेवावी. एमएसच्या बाबतीत मात्र खरी चाचणी झाली. अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून १९७ रुग्णांवर केलेला अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एसीटीएच घेतलेले रुग्ण निष्क्रिय इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा काहीसे लवकर सुधारले. फरक होता, पण तो माफक होता, आणि तो सुधारण्याच्या वेगातला होता. एमएसच्या अटॅकसाठी ॲक्थारला १९७८ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली.

ऐंशीच्या दशकात शिरेतून मोठ्या मात्रेत मिथाइलप्रेडनिसोलोन देण्याची पद्धत रुळू लागली, तेव्हा दोन्ही औषधे समोरासमोर आणून पाहणे साहजिक होते. ब्रिटनमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात स्टेरॉइडच्या सलाईनने रुग्ण आधी सावरले, पण तीन महिन्यांनी दोन्ही गट सारखेच होते. १९८९ मधला अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यात ६१ रुग्ण होते. एका गटाला तीन दिवस रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून दिले. दुसऱ्या गटाला चौदा दिवस एसीटीएचची इंजेक्शने स्नायूत दिली, पहिले सात दिवस ८० युनिट, मग चार दिवस ४० आणि शेवटचे तीन दिवस २०. कोणाला कोणते औषध मिळाले हे रुग्णालाही कळू नये आणि तपासणाऱ्यालाही, अशी व्यवस्था होती. सुधारण्याचा वेग आणि शेवटी कितपत भरून आले, या दोन्ही बाबतींत गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. जे काम तीन दिवसांत होते त्यासाठी चौदा दिवस सुया का टोचून घ्यायच्या, असा विचार डॉक्टरांनी केला आणि एसीटीएच बहुतेक देशांत मागे पडले. ६१ ही संख्या मोठी नाही, आणि लहानसा फरक एवढ्या रुग्णांत निसटू शकतो, हे मान्य केले पाहिजे. पण एसीटीएच श्रेष्ठ आहे असा दावा करणाऱ्याने तो मोठ्या चाचणीत दाखवून द्यायला हवा होता, आणि त्यासाठी पुढे तीन दशकांहून अधिक वेळ मिळाला.

या काळात दुसरेच काही घडले. २००१ मध्ये क्वेस्टकोर या कंपनीने ॲक्थार विकत घेतले, तेव्हा एका कुपीची किंमत सुमारे ४० डॉलर होती. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या आयोगाने २०१७ मध्ये जाहीर केले तेव्हा ती ३४,००० डॉलरच्या वर गेलेली होती. रेणू तोच, उपयोग तोच. कृत्रिमरीत्या बनवलेले, २४ अमिनो आम्लांचे ‘सिनॅक्थेन डेपो’ हे औषध युरोपात स्वस्तात मिळत असे. त्याचे अमेरिकेपुरते हक्क क्वेस्टकोरने २०१३ मध्ये विकत घेतले आणि स्पर्धेची वाट बंद केली, असा आयोगाचा आरोप होता. २०१४ मध्ये क्वेस्टकोरला मॅलिनक्रॉटने विकत घेतले होते, आणि या प्रकरणात २०१७ च्या जानेवारीत १० कोटी डॉलर भरून तडजोड झाली. आता हिशेब मांडून पाहा. एका कुपीत ५ मिलिलिटर जेल असते, प्रत्येक मिलिलिटरमध्ये ८० युनिट, म्हणजे एकूण ४००. एमएसच्या अटॅकसाठी वेष्टनावरची मात्रा रोज ८० ते १२० युनिट, दोन ते तीन आठवडे. अगदी कमीत कमी धरले तरी ८० युनिट चौदा दिवस म्हणजे ११२० युनिट, म्हणजे तीन कुप्या, म्हणजे २०१७ च्या दराने एक लाख डॉलरहून अधिक. एवढ्या पैशांत रुग्णाला जे मिळते ते १९८९ च्या अभ्यासात तीन सलाईनमधूनही मिळाले होते. आजारी माणसाच्या अगतिकतेचा असा भाव लावणे मला अक्षम्य वाटते, आणि ते वाटणे मी या परीक्षणातून वगळू शकत नाही.

माझ्या मावसबहिणीला हे औषध सुचवले गेले ते तिच्या शिरा सापडत नव्हत्या म्हणून, आणि त्याआधीच्या स्टेरॉइडच्या कोर्समध्ये तिला अनेक रात्री झोप लागली नव्हती म्हणून. कारणे रास्त होती. पण औषध रुग्णालयाच्या फार्मसीत मिळत नव्हते; ते विशिष्ट फार्मसीमार्फत घरी पाठवले जाणार होते आणि त्यासाठी विमा कंपनीची पूर्वमंजुरी लागणार होती. कागदपत्रे गेली, परत आली, पुन्हा गेली. तिचा उजवा पाय अडखळत होता आणि हातातला पेन निसटत होता, आणि ती फोनवर कोणत्या तरी प्रतिनिधीला आपली जन्मतारीख पुन्हा पुन्हा सांगत होती. कुपी हाती आली तेव्हा पाय आपोआपच थोडा सुधारू लागला होता. ज्या औषधाचे एकमेव सिद्ध झालेले काम वेग वाढवणे हे आहे, ते उशिरा मिळणे म्हणजे त्याचे कामच हिरावून घेणे आहे.

पुढचे दोन आठवडे तिने स्वतःच इंजेक्शन घेतले. कुपी फ्रिजमध्ये ठेवायची, वापरण्याआधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, कारण गार असताना जेल इतके दाट असते की सुईतून ओढले जात नाही. मग मांडीत किंवा दंडात हळूहळू सोडायचे. शिर शोधावी लागत नाही आणि रुग्णालयात जावे लागत नाही, या सोयी खऱ्याच आहेत. पण दुसऱ्या आठवड्यात तिचा चेहरा सुजला, पावलांवर सूज आली आणि रक्तदाब वाढला. एसीटीएचमुळे अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोलबरोबर मीठ व पाणी धरून ठेवणारी आणि पुरुषी गुणधर्मांची संप्रेरकेही सोडतात, त्यामुळे सूज, रक्तदाब, मुरमे, क्वचित त्वचा काळवंडणे हे त्रास या औषधात होतात. झोपही तिला आलीच नाही, कारण झोप उडवणारा स्टेरॉइडचा परिणाम दोन्ही औषधांत समानच आहे. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळ कुटुंबांना आधी माहीत असायला हवी: ॲक्थार जेल डुकराच्या पियुषिका ग्रंथीपासून काढतात. डुकराच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यांना ते चालत नाही, आणि धार्मिक कारणाने ज्यांना ते नको असेल त्यांना निर्णय घेण्याआधी हे कोणीतरी सांगितले पाहिजे.

आता स्टेरॉइडच्या सलाईनकडे येते. नेहमीचा कोर्स रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस. औषध पांढऱ्या भुकटीच्या रूपात काचेच्या कुपीत येते. सोबतचे द्रावण घालून सिस्टर ती कुपी तळहातांमध्ये हलकेच फिरवतात, भुकटी पूर्ण विरघळली की ते सिरिंजने ओढून नॉर्मल सलाईनच्या बाटलीत सोडतात, बाटलीवर वेळ लिहितात आणि नळीवरचे चाक फिरवून थेंबांचा वेग लावतात. हे चाक या सगळ्या उपचारातली सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे. १ ग्रॅमची सलाईन किमान तासभर, शक्यतो त्याहून सावकाश चालवावी, कारण मोठी मात्रा घाईने दिल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि अगदी क्वचित हृदय बंद पडल्याच्या घटनाही नोंदल्या गेल्या आहेत. एका रुग्णालयात संध्याकाळी खाट रिकामी करायची म्हणून माझे ते चाक कोणीतरी भराभर उघडले. थोड्याच वेळात चेहरा तापला, छाती धडधडू लागली, कानात ठोके ऐकू येऊ लागले. बरोबर असलेल्या माझ्या वहिनीने सिस्टरना हाक मारून वेग कमी करून घेतला आणि अर्ध्या तासात बरे वाटले. तेव्हापासून मी दुसरीकडे जाते. तिथे सलाईन सुरू करण्याआधी, मध्ये आणि संपल्यावर नाडी व रक्तदाब पाहतात, रोज ग्लुकोमीटरने साखर तपासतात, ॲसिडिटीची गोळी आधी देतात, आणि सलाईन सकाळी लावतात, ज्यामुळे निदान मध्यरात्रीपर्यंत डोळा लागण्याची शक्यता राहते. पंचतारांकित सोयींपेक्षा डे-केअर निवडताना या चार गोष्टी विचाराव्यात.

सलाईन चालू असताना तोंडाला लोखंडासारखी चव येते. त्यावर लिंबाची गोळी, आवळासुपारी किंवा खडीसाखर तोंडात ठेवावी. भूक प्रचंड लागते. मन पहिल्या दोन दिवसांत विलक्षण उत्साही होते, घरातली कपाटे रात्री दोन वाजता आवरावीशी वाटतात, आणि कोर्स संपल्यावर दोन-तीन दिवस तितकेच खाली बसते. घरच्यांना याची आधी कल्पना दिलेली असली तर त्या दिवसांतल्या रागाचा किंवा रडण्याचा कोणी वेगळा अर्थ काढत नाही. मधुमेह असलेल्यांची साखर फार वर जाऊ शकते आणि त्यांना तेवढ्या दिवसांपुरते इन्सुलिन लागू शकते. अगदी थोड्या रुग्णांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडतो. कोर्सनंतर जांघेत दुखणे राहिले तर ते अंगावर काढू नये. आपल्या भागात आणखी एक विषय टाळता येत नाही, तो क्षयरोगाचा. शरीरात दडून बसलेला क्षय मोठ्या मात्रेच्या स्टेरॉइडने उसळू शकतो, म्हणून छातीचा एक्स-रे आणि पूर्वी घरात कोणाला टीबी झाला होता का याची चौकशी झाल्याखेरीज कोर्स सुरू करणाऱ्या ठिकाणाबद्दल मला भरवसा वाटत नाही. एसीटीएचनेही कॉर्टिसोलच वाढत असल्यामुळे हा धोका तिथेही आहे.

कोर्स सुरू करण्याआधी आलेला त्रास हा खरोखर अटॅक आहे का, हे पाहणे तर त्याहून आवश्यक. नवे लक्षण निदान २४ तास टिकले पाहिजे, आणि त्यामागे ताप किंवा जंतुसंसर्ग नसला पाहिजे. जुन्या जखमा झालेल्या नसा उष्णतेने तात्पुरत्या मंदावतात. श्रमानंतर रुग्णांची दृष्टी अशी तात्पुरती मंदावते, हे उहथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच वर्णन करून ठेवले आहे. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात ज्यांना अचानक धूसर दिसू लागते किंवा पाय जड होतात, त्यांच्यापैकी अनेकांना कूलरसमोर थोडा वेळ बसल्यावर बरे वाटते, आणि त्यांना कोणत्याही औषधाची गरज नसते. बायकांमध्ये लघवीचा संसर्ग हे दुसरे नेहमीचे कारण. अशा वेळी लघवीची तपासणी न करता स्टेरॉइड सुरू केले तर संसर्ग वाढतो आणि रुग्ण अधिकच खचतो. तपासणीचा खर्च किरकोळ आहे, आणि ती न करता थेट सलाईन लावणाऱ्या सेवेला, मग ती कितीही नावाजलेली असो, मी चांगले गुण देणार नाही.

गोळ्यांचा पर्याय आपल्याकडे पुरेसा वापरला जात नाही, याची मला खंत वाटते. फ्रान्समधील १३ केंद्रांत १९९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन दिवस रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन एका गटाला तोंडावाटे आणि दुसऱ्याला शिरेतून दिले. अठ्ठावीस दिवसांनी पहिल्या गटातले ८१ टक्के आणि दुसऱ्यातले ८० टक्के रुग्ण सुधारलेले होते. झोपेचा त्रास मात्र गोळ्यांत जास्त झाला, ७७ टक्के विरुद्ध ६४. ब्रिटनमध्ये तर अधिकृत मार्गदर्शक सूचनांतच आधी तोंडावाटे रोज अर्धा ग्रॅम पाच दिवस द्यावे असे सांगितले आहे, आणि सलाईन ही गोळ्या न चालणाऱ्यांसाठी किंवा रुग्णालयात ठेवण्याची गरज असणाऱ्यांसाठी राखलेली आहे. आपल्याकडची अडचण व्यवहारातली आहे. आपल्या केमिस्टकडे सर्रास मिळते ती १६ मिलिग्रॅमची गोळी. १ ग्रॅमसाठी अशा साठहून अधिक गोळ्या एका दिवशी गिळाव्या लागतील, आणि चिठ्ठीवरचा तो आकडा पाहून केमिस्टच डॉक्टरांना फोन करतो. तरीही ज्या गावातून न्यूरोलॉजिस्टकडे यायला एसटीने चार तास लागतात तिथल्या रुग्णाला, आधीच्या कोर्समध्ये काही विपरीत घडलेले नसेल तर, डॉक्टरांशी बोलून हा मार्ग विचारात घेता येईल. एक इशारा मात्र पक्का ध्यानात ठेवावा. दृष्टीच्या नसेला सूज आली असताना लहान मात्रेत प्रेडनिसोन या दुसऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ नयेत. अमेरिकेत १५ केंद्रांत ४५७ रुग्णांवर झालेल्या, १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांना तोच त्रास पुन्हा होण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. आपल्याकडे डोळा दुखून धूसर झाला की जवळच्या दवाखान्यातून रोज ४० मिलिग्रॅमच्या आसपास गोळ्या सुरू होतात. तिथे थांबून न्यूरोलॉजिस्टला विचारणे भाग आहे.

स्टेरॉइडने गुण आला नाही तर पुढे एसीटीएच द्यावे का, हा प्रश्न ॲक्थारच्या प्रचारात ठळकपणे येतो. गंभीर अटॅकसाठी त्या जागेवर अधिक भक्कम पुरावा प्लाझ्मा एक्स्चेंजचा आहे. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्टेरॉइडने न सुधारलेल्या २२ रुग्णांवर एक दिवसाआड, दोन आठवड्यांत सात वेळा रक्तातला प्लाझ्मा बदलण्याचा खरा किंवा लुटुपुटूचा उपचार केला. खऱ्या उपचारात सुमारे ४२ टक्के वेळा आणि लुटुपुटूच्या उपचारात ६ टक्के वेळा लक्षणीय सुधारणा दिसली. हा उपचार खर्चिक आहे, मानेतल्या किंवा मांडीतल्या मोठ्या शिरेत नळी घालावी लागते, आणि तो मोठ्या रुग्णालयातच होतो. पण दोन्ही पाय गेले असतील किंवा दृष्टी परत येत नसेल तर आठवडे वाया न घालवता त्याची चौकशी करावी. आपल्याकडे एमएससारख्याच वाटणाऱ्या न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजारात तर प्लाझ्मा एक्स्चेंज लवकर करणे विशेष मोलाचे ठरते, आणि त्यात स्टेरॉइडही एकदम बंद न करता हळूहळू कमी करतात.

एसीटीएचला भारतात स्वतःचे असे मानाचे स्थान आहे, पण ते बालरोग न्यूरोलॉजीत. वेस्ट सिंड्रोम या तान्ह्या बाळांच्या अपस्मारात ते खरोखर उपयोगी आहे आणि आपले डॉक्टर ते वापरतात. प्रौढांच्या एमएससाठी मिथाइलप्रेडनिसोलोनची खरी ॲलर्जी असेल, किंवा पूर्वी त्या स्टेरॉइडने यकृताला इजा झालेली असेल, तर एसीटीएचचा विचार न्यूरोलॉजिस्ट करू शकतात. हे रुग्ण थोडे आहेत. केवळ शिरा सापडत नाहीत हे कारण असेल तर गोळ्या आहेत. झोप लागत नाही हे कारण असेल तर सकाळची वेळ आणि डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी आहे.

खर्चाचे बोलायचे तर भारतात पाच दिवसांच्या कोर्समधले स्टेरॉइड काही हजार रुपयांत येते. बिल वाढते ते खाट, सिस्टर आणि डॉक्टरांच्या भेटींनी. मेडिक्लेममध्ये २४ तास दाखल नसल्याच्या कारणावरून डे-केअरचा दावा नाकारला गेल्याचे अनेक रुग्णांकडून ऐकले आहे, म्हणून पहिल्या दिवसाआधीच टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडून) लेखी उत्तर घ्यावे, आणि डिस्चार्ज पेपरवर ‘मल्टिपल स्क्लेरोसिसचा अटॅक’ हे शब्द, मात्रा व दिवस स्पष्ट लिहून घ्यावेत. हे कागद पुढे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही लागतात. २०१६ च्या कायद्यात एमएसचा समावेश आहे. पैसे मोजके असतील तर अटॅकच्या औषधापेक्षा अटॅक येऊ नयेत म्हणून रोज किंवा सहा महिन्यांनी घ्यायच्या औषधासाठी ते आधी बाजूला ठेवावेत. स्टेरॉइड असो वा एसीटीएच, दोन्हींनी सुधारणा लवकर होते. पुढच्या वर्षांतले अपंगत्व त्यांनी कमी होते असे दिसलेले नाही. म्हणूनच नुसत्या मुंग्या येत असतील आणि चालणे, दिसणे, लघवी यांवर परिणाम नसेल तर काहीच न देता वाट पाहायला सांगणारे न्यूरोलॉजिस्ट मला अधिक काळजीने काम करणारे वाटतात.

अमेरिकेत ‘प्युरिफाइड कॉर्ट्रोफिन जेल’ या नावाने एसीटीएचचे दुसरे औषध २०२२ पासून बाजारात आहे, त्यामुळे मक्तेदारी मोडली आहे. माझ्या मावसबहिणीला पुढचा अटॅक आला तेव्हा तिच्या नव्या न्यूरोलॉजिस्टने यांपैकी कोणतेच जेल लिहून दिले नाही. लघवी व साखर तपासून त्यांनी प्रेडनिसोनच्या ५० मिलिग्रॅमच्या २५ गोळ्या रोज सकाळी नाश्त्यानंतर, तीन दिवस, असे लिहून दिले. १२५० मिलिग्रॅम प्रेडनिसोन म्हणजे १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोनच्या तोडीचेच होते. गोळ्या त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या फार्मसीतून मिळाल्या, विमा कंपनीला विचारावे लागले नाही, आणि बिल एका साध्या जेवणाइतके आले. गोळ्या कडू होत्या, दह्याबरोबर पाच-पाच करून ती त्या घेत होती. दोन रात्री झोप नीट लागली नाही. हातातली पकड तिसऱ्या आठवड्यात परत आली आणि ती कामावर रुजू झाली.